बियाची शिदोरी



"शाळेच्या परसबागेत मेथी टाकली, रोज पाणी घातलं, तरी उगवलीच नाही. बी खोटं होतं का?" असं पुष्कळ मुलं विचारतात. बी खोटं असेलही, पण त्याआधी माती बघायची.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात काळी, भारी माती पुष्कळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन काळा खडक झाला. तो झिजून ही माती बनली. तिचे कण फार बारीक. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आक्रसते आणि भेगाळते. वर कडक पापडीही धरते.

आता बियाचा विचार करा. बी शिदोरी बांधूनच निघतं. कोंब उजेडात येऊन पान हिरवं होईपर्यंत त्याला तेवढ्यावरच भागवायचं असतं. पापडी फुटली नाही तर शिदोरी वाटेतच संपते अन् कोंब मातीखालीच मरतो. म्हणून त्याची वाट जवळची आणि मऊ करायची.

आधी वाफसा बघा. मूठभर मातीचा लाडू वळून कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर काम सुरू करा; चिकटून बसला तर थांबा. ओल्या मातीत कुदळ मारली की दगडासारखी ढेकळं होतात. मग वीतभर उंच गादीवाफा करून त्यात कुजलेलं शेणखत मिसळा. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पटच खोल टाका. भेंडीचं बी रात्रभर भिजवा. धने हलके रगडून दोन डाळी करा. वर काळी माती न लोटता चाळलेलं शेणखत पसरा. पाणी झारीनं द्या, बादलीनं ओतू नका.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मुलांची अडचण वेगळी. पूर्णाकाठचा तो खारपाणपट्टा. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, हे तुम्ही घरी पाहिलंय. खारट ओलाव्यात बियाचंही तसंच होतं, त्याला पाणी ओढून घेता येत नाही. तिथं पावसाचं साठवलेलं पाणी उगवणीपुरतं तरी राखून ठेवा. पालक आणि बीट खार बऱ्यापैकी सोसतात, सुरुवात त्यांनी करा. हरभऱ्याएवढं सुकं ढेकूळ पेलाभर पावसाच्या पाण्यात न हलवता ठेवा. दुसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं गढूळ दिसलं, तर मातीत सोडियम जास्त असावं. अशी माती तपासणीला पाठवा. जिप्सम टाकायचं का, किती, हे अहवाल बघून मोठ्यांना ठरवू द्या.

करून बघा : एकाच वाफ्यात मेथीच्या दोन ओळी, प्रत्येकी 50 बिया. एक काळ्या मातीनं झाका, दुसरी चाळलेल्या शेणखतानं. पाणी दोन्हींना सारखंच. आठव्या दिवशी रोपं मोजा अन् दोन्ही आकडे वहीत लिहा. बी खोटं होतं का, ते मग तुम्हीच सांगा.