महाधिवक्त्यांचे अशील कोण?

‘राज्याच्या महाधिवक्त्यांनी उच्च न्यायालयात सांगितले की…’ अशी बातमी आपण अधूनमधून वाचतो. मुलांनी विचारले, हे कोण, तर घरातून उत्तर येते, ‘असतील कुणी सरकारी वकील.’ उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयात सरकारच्या वतीने उभे राहतात ते सरकारी वकील. फौजदारी खटला चालवतात ते सरकारी अभियोक्ता. महाधिवक्ता म्हणजे ॲडव्होकेट जनरल, हे पद मात्र थेट राज्यघटनेने निर्माण केले आहे. दिल्लीत केंद्र सरकारसाठी महान्यायवादी असतात, तसे प्रत्येक राज्यासाठी महाधिवक्ता. घटनेच्या १६५ व्या अनुच्छेदानुसार त्यांची नेमणूक राज्यपाल करतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता त्यांच्याकडे असावी लागते. त्यासाठी साधारणपणे उच्च न्यायालयातील दहा वर्षांची वकिली पुरते.

या पात्रतेवरून एक वाद नागपूरला झाला होता. त्या काळी न्यायाधीश साठाव्या वर्षी निवृत्त होत. मग साठी ओलांडलेले टी. एल. शेवडे महाधिवक्ता कसे, असा सवाल जी. डी. करकरे यांनी नागपूर उच्च न्यायालयात केला. १९५२ मध्ये न्यायालयाने सांगितले की निवृत्तीचे वय ही पात्रतेची अट नव्हे, नेमणूक वैध आहे.

महाधिवक्त्यांचे पहिले काम सरकारला कायद्याचा सल्ला देणे. अनुच्छेद १७७ प्रमाणे ते विधानसभेत आणि विधान परिषदेत जाऊन बोलू शकतात, पण मत देऊ शकत नाहीत. म्हणजे कायदा समजावून सांगायला ते सभागृहात आहेत, सत्तेच्या मोजणीत नाहीत.

आता खरा प्रश्न. उर्दूत अशिलाला ‘मुवक्किल’ म्हणतात. ‘वकील’ आणि ‘मुवक्किल’ दोन्ही एकाच अरबी धातूतून आले आहेत: ज्याच्यावर काम सोपवले तो वकील, ज्याने सोपवले तो मुवक्किल. मग महाधिवक्त्यांवर काम सोपवले कुणी? मुख्यमंत्र्यांनी, सत्तेतल्या पक्षाने, की राज्याने?

आमच्या मते, राज्याने. कायद्यातच याची खूण सापडते. न्यायालयाच्या फौजदारी स्वरूपाच्या अवमानाबद्दल कुणा खाजगी व्यक्तीला उच्च न्यायालयात अर्ज करायचा असेल, तर १९७१ च्या कायद्याप्रमाणे आधी महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते. सूडापोटी केलेले अर्ज तिथेच अडावेत हा त्यामागचा हेतू. ही संमती द्यायची की नाही, हे त्यांनी स्वतःच्या विवेकाने ठरवायचे असते. तसेच सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध, उदाहरणार्थ सगळ्यांच्या वाटेवर कुणी अडथळा केला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली ते दावा लावू शकतात. इथे त्यांचे अशील सामान्य लोकच आहेत.

पण एक अडचण आहे. राज्यपालांची मर्जी असेतोवरच हे पद टिकते, आणि राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणून सरकार बदलले की महाधिवक्ताही बहुधा बदलतात. ज्यांच्या मर्जीवर पद, त्यांनाच ‘हे कायद्यात बसत नाही’ असे सांगायचे. त्यातही सल्ला मानायचे बंधन सरकारवर नाही. हे सांगायला विद्या लागते आणि हिंमतही.

महाराष्ट्राने दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. एच. एम. सीरवई १९५७ पासून १९७४ पर्यंत इथे महाधिवक्ता होते. मुंबई राज्याचे महाराष्ट्र झाले, मुख्यमंत्री बदलत गेले, ते राहिले. पदावर असतानाच १९६७ मध्ये त्यांचा भारतीय घटनेवरचा प्रसिद्ध ग्रंथ आला. उलट मार्च २०१६ मध्ये श्रीहरी अणे यांना वेगळ्या विदर्भ-मराठवाड्याच्या वक्तव्यांवरून उठलेल्या वादळात राजीनामा द्यावा लागला. राज्याचा वकील राज्याच्या विभाजनाबद्दल जाहीरपणे बोलू शकतो का, यावर तेव्हा दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले.

आपल्या घरांना याचा उपयोग काय? महाधिवक्ता न्यायालयात उभे राहून ‘अमुक काम इतक्या मुदतीत होईल’ असे सांगतात, तेव्हा ते राज्याच्या वतीने सांगतात. न्यायालय ते आदेशात नोंदवून घेते, आणि मग सरकारला त्यापासून मागे फिरणे अवघड जाते. आपल्या गावची शाळा, दवाखाना किंवा रस्ता यांबद्दल असे विधान झाले, तर बातमी वाचून पेपर रद्दीत टाकू नये. आदेशाची प्रत मिळवावी, तारीख लिहून ठेवावी आणि मुदत उलटली की ती प्रत अर्जाला जोडून संबंधित कार्यालयात द्यावी. नेत्याच्या भाषणातल्या वचनाची दाद कुठे मागणार? न्यायालयात नोंदलेल्या शब्दाची मागता येते.