उंची डब्यात मिळत नाही, भाऊ!

मागच्या दिवाळीत घरी हिंगणघाटला गेलो, तर लहान भावाच्या दप्तरात एक डबा सापडला. आत पिवळसर भुकटी. डब्यावर मोठ्या अक्षरात, 'तीन महिन्यांत चार इंच!' "काहून घेतलं बे हे?" असं विचारलं, तर पोट्टा रडायलाच लागला. नववीत आहे, वय साडेचौदा, वर्गात सगळ्यात ठेंगणा. त्याला पोलीस भरतीत जायचंय आणि तिथं मुलांना १६५ सेंटीमीटर लागतात. जिममधल्या कुण्या दादानं पुढचा सल्लाही देऊन ठेवला होता, "पावडरनं नाही झालं तर इंजेक्शन मारू."

भुकटीचं सोडा, त्या इंजेक्शनच्या गोष्टीनं माझी झोप उडाली. कारण जिममध्ये 'इंजेक्शन' म्हणजे बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉनच्या जातीचं स्टेरॉइड. आणि वाढत्या वयात ते उंची वाढवत नाही, उलट थांबवू शकतं.

कसं ते सांगतो. हातापायाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक चकती असते. हाड लांबीला वाढतं ते इथेच. वयात येताना लैंगिक हार्मोन्स वाढतात, ग्रोथ हार्मोनलाही जोर चढतो आणि पोरं भराभर उंच होतात. पण तेच हार्मोन शेवटी या चकतीचं हाड करून टाकतं. आपल्या सिव्हिलवाल्यांच्या भाषेत, काँक्रीट सेट झालं! मग कितीही बारला लटका. मुलींचं हे साधारण १४-१५ व्या वर्षी होतं, मुलांचं १६ ते १८ च्या दरम्यान.

गंमत म्हणजे मुलांमध्येही चकती बंद करण्याचं मुख्य काम इस्ट्रोजेन करतं, ज्याला आपण 'बायकांचं हार्मोन' म्हणतो. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. १९९४ साली अमेरिकेतल्या एका २८ वर्षांच्या माणसाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. उंची २०४ सेंटीमीटर आणि चकत्या अजून उघड्या! म्हणजे बाहेरून स्टेरॉइड टोचलं की पोरगा चार महिने ताडमाड दिसेल, पण दार लवकर बंद होईल.

हार्मोनशी खेळण्याचा इतिहासही काही चांगला नाही. १९५० नंतर अमेरिका-ऑस्ट्रेलियात 'मुलगी फार उंच होईल, लग्न कसं जमेल' म्हणून मुलींना इस्ट्रोजेन देऊन त्यांची वाढ रोखली जायची. २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलं की त्यातल्या अनेकींना पुढे मूल होण्यात अडचणी आल्या. ग्रोथ हार्मोन तर १९८५ पर्यंत मेलेल्या माणसांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढायचे. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाला, तेव्हा ते थांबलं आणि प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन आलं.

याचा अर्थ हार्मोनचे उपचार वाईटच असं मी म्हणत नाही. ज्या लेकराला ग्रोथ हार्मोनच कमी आहे, त्याला ते वेळेवर मिळालं तर उंचीत खरा फरक पडतो. मुलगी आठ वर्षांच्या आत किंवा मुलगा नऊच्या आत वयात येऊ लागला, तर ते थोपवण्याची इंजेक्शनं आहेत, नाहीतर आज वर्गात उंच असलेलं लेकरू उद्या ठेंगणं राहतं. पण हे सगळं तपासणी करून, डॉक्टरच्या हाताखाली आणि चकत्या उघड्या असतानाच. मोठेपणी ग्रोथ हार्मोन घेतलं तर उंची नाही, जबडा आणि हातपाय जाड होतात.

आम्ही भावाला सेवाग्रामला दाखवलं. डॉक्टरांनी डाव्या पंजाचा एक्स-रे काढला. वय साडेचौदा, पण हाडांचं वय साडेबारा! बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "मीही दहावीपर्यंत असाच होतो, बारावीनंतर वाढलो." म्हणजे पोराची गाडी लेट आहे, रद्द नाही. औषध काहीच नाही. पोटभर जेवण, झोप, खेळणं आणि दर सहा महिन्यांनी उंची मोजणं.

माझा राग त्या डब्यावर आहे. आपल्याकडच्या औषध नियमांच्या शेड्यूल 'जे' मध्ये मुलांची किंवा मोठ्यांची उंची वाढवण्याचा दावा स्पष्ट नाकारलेला आहे. तरी डबे विकले जातात, कारण आपण विकत घेतो. कापूस विकून बाप पैसे पाठवतो आणि आपण ते भुकटीत घालतो. आणि पोरगा डब्यापर्यंत का जातो? कारण आपण त्याला 'बुटक्या', 'दीडफुट्या' म्हणतो. होस्टेलमध्ये कोण म्हणत नाही? मीही म्हणायचो.

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांचं काँक्रीट सेट झालंय, ते मान्य करून मोकळं व्हा. पण घरी लहान भाऊ-बहीण असेल तर या सुट्टीत दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करा, तारीख टाका. सहा महिन्यांनी पुन्हा करा. खूण सरकतच नसेल तर डॉक्टरकडे जा, दुकानात नाही. आमच्या चौकटीवर दिवाळीची खूण आहे. होळीला गेलो तेव्हा पोट्टा तिच्यावर दोन बोटं चढला होता.