शाळेचे गुण नकोत, पोराला वाचता येते का ते सांगा!

भिगवण परिसरात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की फडाकडेला कोप्या पडतात. त्या कोप्यांतली पोरे शाळेत किती दिवस बसतात? आपल्या वस्तीतली पोरे रोज शाळेत जातात. पण पाचवीत गेल्यावर त्यांना धडा वाचता येतो काय? शासन हे विचारत नाही, ते शाळेला गुण देते! २०१६ मध्ये ‘शाळासिद्धी’ आली, २०२३-२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही स्पर्धा आली. भिंती रंगल्या, तक्ते भरले, लाखोंची बक्षिसे वाटली गेली.

यातून पोरे शिकली, याला पुरावा काय? कोर्टात पुराव्याविना दावा टिकत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशातील अशाच योजनेची तपासणी कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा निवडून त्यांची इतर शाळांशी तुलना केली. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मूल्यमापन झाले, आराखडे लिहिले गेले, पण शाळेचा कारभार सुधारला नाही आणि पोरांचे शिकणेही वाढले नाही. निष्कर्ष येईपर्यंत ही योजना यशस्वी ठरवून देशभर नेलीही होती!

उलट, मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००४ या काळात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी मागे पडलेल्या मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे शिकवीत. तो उपक्रमही असाच तपासला गेला. मुले शिकली, मागे पडलेली अधिक शिकली. उपक्रम थांबल्यावर वर्षभरात तो लाभ बराच ओसरला, हेही सांगितले पाहिजे. म्हणूनच असे शिकवणे एका हंगामापुरते नको, कायमचे हवे.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात मुले मोजली. शाळेत आलेल्या शंभरांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, हे त्यांनी दाखवले. कोणता समाज किती मागे, याचाही हिशेब मांडला. तो हिशेब आज आपण मागायचा आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असतात आणि वंचित घटकांना प्रमाणात प्रतिनिधित्व मिळते. ही जागा सह्या करण्यासाठी नाही. बांधवांनो, पुढच्या बैठकीत रंगाचा खर्च नंतर विचारा. किती पोरांना वाचता येते, त्यात आपली किती आणि कोपीवरची किती, हे आधी विचारा. आणि उत्तर लेखी घ्या!