पंप, टाकें आणि हिरवळ



छपरावरील पावसाचें पाणी टाक्यांत सांठवावें व पंपानें तें शाळेपुढील हिरवळीस द्यावें, अशी सूचना आमच्या वडीगोद्रीकडेही आतां ऐकूं येते. पाणी सांठविण्याची कल्पना उत्तम आहे. परंतु सांठविलेलें पाणी कशासाठीं व किती खर्चावें, याचा विचार पंप घेण्यापूर्वी झाला पाहिजे.

प्रथम हिशेब पाहूं. जालना जिल्ह्यांत वर्षाकांठीं सामान्यतः ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होतें. अर्थात् २०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षास लाखाहून अधिक लिटर पाणी पडतें. पण हातीं राहतें तें टाक्यांत मावेल तेवढेंच. टाकें १०,००० लिटरचें आहे असें धरूं. शंभर चौरस मीटर हिरवळीस उन्हाळ्यांत रोज पांच मिलिमीटर पाणी दिलें, तर ५०० लिटर लागतात, आणि टाकें वीस दिवसांत कोरडें पडतें. ताशीं २,००० लिटर उपसणारा पंप तर तें पांच तासांतच रिकामें करील.

आपल्या आजोबापणजोबांच्या काळीं विहिरीवर मोट चाले. बैलांच्या मानेला आणि मोट हांकणाऱ्याच्या हाताला पाण्याचें वजन कळत असे. पंपाची कळ दाबणाऱ्या बोटाला तें कळत नाहीं. पंप वाईट नव्हे; पण त्यानें श्रम वांचविले, तसें भानही हिरावून घेतलें.

हें मी स्वानुभवानें लिहितों. इ. स. २०१३ च्या दुष्काळांत अंगणांतील चार हात हिरवळीसाठीं मीं पंप सुरू केला आणि वह्या तपासण्यांत गढून गेलों. सायंकाळीं शेजारच्या मावशी घागर घेऊन आल्या, तेव्हां टाक्यांत तळाचा गाळ तेवढा उरला होता. त्या कांहीं बोलल्या नाहींत. रिकामी घागर घेऊन परत गेल्या. ती घागर मी अद्याप विसरलों नाहीं.

असाच प्रश्न पुढें मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. इ. स. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें लातूरला पिण्याचें पाणी न्यावें लागलें. त्याच दिवसांत क्रिकेटच्या मैदानांस घातल्या जाणाऱ्या पाण्याची तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढें आली, आणि ३० एप्रिलनंतरचे आय. पी. एल. चे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश न्यायालयानें दिला. तेवढ्यानें लातूरची तहान भागली नसती, असें कित्येक म्हणाले, व तें खरेंही असेल. परंतु शेजारी तहानलेला असतां आपण गवत भिजवावें काय, हा प्रश्न केवळ लिटरांचा नव्हे.

मग पटांगण उजाड ठेवावें काय? मुळींच नाहीं. हिरवळीनें धूळ बसते, मुलांचे गुडघे फुटत नाहींत, डोळ्यांस गारवा वाटतो. पण आपल्या मातीची हरळी पाहा. उन्हाळ्यांत ती पिवळी पडते. मात्र तिचीं मुळें जिवंत राहतात आणि पहिल्या पावसासरशीं ती पुन्हां हिरवी होते. हरळी उपटून थकलेल्या शेतकऱ्यास हें सांगावयास नको! निंबाचें कोंवळें रोप मात्र एकदां वाळलें म्हणजे गेलें.

म्हणून माझें मत असें कीं, पंप अवश्य घ्यावा. पण टाक्यांत खुणा केलेली काठी ठेवावी, आणि पाण्याची उंची रोज एका विद्यार्थ्यानें फळ्यावर लिहावी. पहिला वांटा हातपाय धुणें व स्वच्छतेचा, दुसरा नव्या रोपांचा. मृगाच्या तोंडावर टाकें धुण्यापूर्वी जें उरेल, तें खुशाल हिरवळीस द्यावें. चैत्रवैशाखांत आपलें पटांगण पिवळें दिसलें, तर पाहुण्यांपुढें लाजण्याचें कारण नाहीं. ज्या शाळेचीं मुलें पाणी मोजूं शिकलीं, तिची शोभा गवतावर अवलंबून नसते.