सहा बाय चारची जागा

आपल्या घरात जागेची वाटणी कशी होते, हे कधी नीट पाहिलंय? सोफ्याला जागा असते, शोकेसला असते, लग्नात आलेल्या आणि एकदाही न वापरलेल्या डिनर सेटलाही असते. मुलगा मोटरसायकलचं इंजिन खोलून बसला तर त्याला गॅलरी मिळते. मुलीने मात्र धूळ होईल, आवाज होईल असं काही मोठं करायला घेतलं, की घर एकदम लहान पडायला लागतं.

आमच्या शेलूत, माझ्या भावाच्या घरी, सध्या हाच वाद चाललाय आणि मी उघडउघड भाचीच्या बाजूने आहे. दहावी झालेली ही पोरगी वन रूम किचनमध्ये विमानाचं कॉकपिट बांधतेय. खरं विमान नव्हे हो! कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ असतो, तो खेळताना बसायची बंद केबिन. आजी त्याला 'खोकं' म्हणते. वहिनीची काळजी वेगळी, "उद्या हिला बघायला कुणी आलं तर हे काय दाखवायचं?"

खोकं कशाला, टेबलावर भागत नाही का, असं जो तो विचारतो. याचं उत्तर जवळजवळ शंभर वर्षं जुनं आहे. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंक या तरुणाने वैमानिकांच्या सरावासाठी जमिनीवरचं नकली विमान बनवलं. वडिलांचा ऑर्गन आणि पियानोचा कारखाना होता, तिथल्याच भात्यांवर त्याने ती लाकडी पेटी डुलवली. आपल्या बाजाच्या पेटीला असतो तसाच भाता! सुरुवातीला ती जत्रेतली करमणूक म्हणूनच खपली. या पेटीवर झाकण लावता येई. ते लावलं की बाहेरचं काही दिसायचं नाही, समोरच्या काट्यांवर भरवसा ठेवूनच 'उडायचं'. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहण्याचं काम आलं आणि खराब हवेत लागोपाठ वैमानिक दगावले, तेव्हा लष्कराने या पेट्या विकत घेतल्या. म्हणजे महत्त्व झाकणालाच आहे. एका बाजूला टीव्ही आणि दुसऱ्या बाजूला कुकरची शिट्टी, यात कुणाचं विमान उतरणार?

भाचीचं माप पक्कं आहे, सहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच. प्लायची शीट आठ बाय चारची येते. दोन शीटमधून दोन बाजू कापल्या की दोन-दोन फुटांच्या पट्ट्या उरतात, त्या जोडून पुढची भिंत. तिसऱ्या शीटचं छत. एमडीएफ स्वस्त पडतं, पण माथेरानच्या पायथ्याशी आमचा पाऊस असा, की ओल लागली तर ते पावासारखं फुगायचं. म्हणून वॉटरप्रूफ प्लाय. सगळं नट-बोल्टवर, म्हणजे घर बदललं तर सुटं करून जिन्यातून नेता येईल. आतून काळा रंग, स्क्रीनचा उजेड चमकू नये म्हणून. सीट भंगारातल्या गाडीची. मागे दार नाही, नुसता पडदा, कारण आत कुणी अडकता कामा नये. माणूस आणि कॉम्प्युटर मिळून एवढीशी जागा भट्टीसारखी तापवतात, त्यामुळे खाली जाळी आणि छताला गरम हवा बाहेर फेकणारे दोन छोटे पंखे. वायरिंग मात्र इलेक्ट्रिशियननेच करायचं आणि अर्थिंग हवंच, हा माझा हट्ट.

भावाने सुतार बोलावला. त्याने माप ऐकून विचारलं, "लग्नाचं कपाट का?" आता भावाचं म्हणणं, कापाकापी सुतारच करेल. मी म्हणते, रेघ मारून पोरीलाच कापू दे. केस बांधून, ओढणी बाजूला ठेवून, डोळ्यांना गॉगल लावून, सुताराच्या देखरेखीखाली. जी मुलगी विळीवर नारळ खवते तिला करवतीची भीती कसली घालता?

मुंबईत कांदिवलीला कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, २०१९ मध्ये त्याला चाचणी उड्डाणाची परवानगी मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण तीच गच्ची एखाद्या मुलीने मागितली असती, तर पापड-कुरडया कुठे वाळवायच्या हा प्रश्न आधी निघाला असता की नाही, सांगा!

आणि हे क्षेत्र बायकांना परकं राहिलेलं नाही. १९८५ मध्ये फक्त स्त्रियांच्या चमूने विमान नेलं, तेव्हा कमांडर होत्या कॅप्टन सौदामिनी देशमुख. आज भारतात सुमारे पंधरा टक्के वैमानिक स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट.

खोक्यात हजार तास बसलं तरी लायसनसाठी ते धरत नाहीत, हेही मी वहिनीला सांगितलंय. व्यावसायिक वैमानिकाला दोनशे तासांचं प्रत्यक्ष उड्डाण लागतं आणि खर्च लाखांत जातो. भाची वैमानिक होईल असा दावा मी करत नाही. "मग उपयोग काय?" वहिनीने विचारलं. पुतण्याची क्रिकेटची किट चार वर्षं पलंगाखाली आहे, तिचा उपयोग अजून कुणी विचारलेला नाही.

जागा करायची तर शोकेस हलवावं लागेल. त्यातल्या कपबश्या मी माझ्याकडे ठेवून घेते, असा निरोप धाडलाय. वहिनीचं उत्तर यायचंय.