पिलाच्या हट्टाचा निवाडा
हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजार यांसारख्या मराठी कुटुंबांच्या जुन्या वस्त्यांत अंगणांची घरे जाऊन बहुमजली इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा पॉमेरेनियन वा डॅशहुंड जातीच्या पिलाला जी माती पूर्वी दाराशीच लाभत असे, ती जिने उतरल्याखेरीज लाभेनाशी झाली. म्हणून घरातच लघवी करणारे ते पिलू हट्टी आहे असा निवाडा देण्यापूर्वी, त्याचे मूत्राशय केवढेसे, ३ महिन्यांच्या वयात ते जेमतेम ३-४ तासच दम धरू शकते, आणि पावसाळ्यात ओले गवत त्याच्या पोटालाच टेकते, याचा विचार धन्याने अवश्य करावा. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर व खेळ संपल्यावर त्याला नित्य एकाच जागी न्यावे आणि कार्य उरकताच तत्क्षणी शाबासकी व खाऊ द्यावा. फरशी अमोनियायुक्त द्रावणाने पुसू नये. त्याचा दर्प मूत्रासारखाच असल्याने त्या जागी पिलाची वहिवाटच पडते. झाल्या कसुराबद्दल त्याचे नाक फरशीवर घासण्याची रीत तर क्रूर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे, कारण तीतून पिलू धन्याच्या दृष्टीआड, पलंगाखाली, तेच करण्यास शिकते. वाचकहो, ही तसदी काही आठवडे, कदाचित काही महिने घ्यावी लागेल. ती आनंदाने घ्या, पण त्या अजाण जिवावर हात उगारू नका.