चिनी गाणें आणि कोजागिरीचा चंद्र

साठी उलटल्यावर माणसाच्या आवडीनिवडी लोणच्याप्रमाणें मुरलेल्या असतात. त्यांत नवी फोड टाकूं नये, टाकल्यास सारी बरणी नासते, अशी माझी आजवर समजूत होती. नाट्यपदें, भजनें आणि क्वचित् एखादें भावगीत एवढ्यावर माझ्या कानांचा प्रपंच सुखानें चालला होता. आमच्या वडिलांच्या शिस्तींत सिनेमाचीं गाणींदेखील मीं चोरून ऐकलेलीं. जन्मभर मुलांकडून शब्द चालवून घेतलेला असा हा सेवानिवृत्त शाळामास्तर सध्यां चिनी गाण्यांच्या नादीं लागला आहे, हें वाचून कित्येक वाचक कपाळास आठ्या घालतील. त्यांतून हें चीनच्या राजदरबारांतील प्राचीन संगीत असतें तर गोष्ट निराळी. हीं आहेत तबकड्यांवर आणि फितींवर खपलेलीं, बाजारांत व हॉटेलांत वाजणारीं साधीं लोकप्रिय गाणीं! तेव्हां हा नाद कसा लागला, आणि त्यानें मला कोणत्या दारापर्यंत नेऊन उभें केलें, तें सांगणें प्राप्त आहे.

माझी नात पुण्यास राहून चिनी भाषा शिकते. इ. स. २०२५ च्या आषाढांत ती पंधरा दिवस साताऱ्यास आमच्याकडे आली होती. सकाळीं माझी पूजा चालू असतां माजघरांत तिच्या मोबाईलवर तीं गाणीं सुरू होत. पहिल्या दिवशीं मीं दुर्लक्ष केलें. दुसऱ्या दिवशीं घंटा जरा जोरानें वाजविली. तिसऱ्या दिवशीं मात्र राहवेना, म्हणून विचारलें, “काय गं, तुमच्या त्या चीन देशांत गाणारांचीं नाकें सदा चोंदलेलींच असतात काय?”

पोरगी रागावली नाहीं. तिनें कोपऱ्यांतील पेटी पुढें ओढली. ही पेटी आमच्या वडिलांची. ती वाजवीत असे माझा धाकटा भाऊ. मला तिचा भाता हलविण्यापलीकडे कांहीं आलें नाहीं. सहा वर्षें ती झांकूनच ठेविलेली होती. “आजोबा, हें ऐका. आमच्या वर्गांत पहिल्यानें हेंच शिकवितात,” असें म्हणून ती एक चाल वाजवूं लागली. तिचीं बोटें कोठें पडतात इकडे माझें लक्ष होतें. सा, रे, ग, प, ध! मध्यमाला स्पर्श नाहीं, निषादाला नाहीं.

“अगं, हे तर भूपाचे स्वर!” मी म्हणालों.

पांच स्वर सारखे म्हणजे राग सारखा नव्हे, हें मला कळतें. रागाचें चलन निराळें, आणि ह्या चालीची चालण्याची रीत निराळी. तरी परक्या गांवांत ओळखीचें माणूस भेटावें तसें मला झालें. तें गाणें मोगऱ्याच्या फुलाचें एक जुनें लोकगीत निघालें. इटलीच्या पुच्चिनीनें आपल्या ‘तुरान्दोत’ ह्या १९२६ सालीं रंगभूमीवर आलेल्या संगीतिकेंत हीच चाल घेतली आहे. मोगऱ्याला चिनी भाषेंत काय म्हणतात असें विचारतां ती म्हणाली, “मो-ली. आणि आमच्या बाई सांगतात, तो शब्द तुमच्या संस्कृत ‘मल्लिके’वरूनच गेला.” सासरीं नांव बदललेली आपलीच लेक समोर उभी राहावी, तसा तो शब्द मला दिसला. त्या सकाळीं पूजेंतील नैवेद्य बराच निवला, एवढें कबूल करतों.

दुसरा अडसर भाषेचा. चिनी भाषेंत एकच अवयव चार निरनिराळ्या चढउतारांनीं उच्चारला तर त्याचे चार निरनिराळे अर्थ होतात. हें ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “मग बोलतांना भांडण झालें तर कळायचें कसें?” परंतु ज्यानें लहानपणीं उदात्त, अनुदात्त आणि स्वरित यांसाठीं गुरुजींच्या छड्या खाल्ल्या आहेत, त्याला ह्यांत नवल वाटूं नये. मौज अशी कीं, उत्तरेकडील चिनी बोलींतील गाण्यांत हे चढउतार बहुतेक चालींतच विरून जातात. ऐकणारा संदर्भावरून अर्थ जाणतो. म्हणजे गाणें ऐकतांना जाणकार चिनी मनुष्यालाही थोडा विश्वास टाकूनच ऐकावें लागतें. मग मीं ऐकण्यास काय हरकत होती?

त्याच दिवशीं सायंकाळीं, पाऊस लागलेला असतां, तिनें मला तेरेसा तेंग ह्या गायिकेचें एक पद ऐकविलें. आवाज मऊ, जवळून बोलल्यासारखा. ताना नाहींत, आरडाओरड नाहीं. श्वास कोठें घेतला तें कळतही नाहीं. पद संपल्यावर मीं तें पुन्हां लावावयास सांगितलें, आणि मग अर्थ विचारला. नात म्हणाली, “हें नवें नाहीं, आजोबा. शब्द १०७६ सालचे आहेत.”

वाचकहो, तेव्हां माझ्यांतला मास्तर जागा झाला. हें पद सू शी ह्या कवीचें. (१०३७–११०१ हा त्याचा काळ, सू तुंग-फो ह्या नांवानेंही तो प्रसिद्ध आहे.) सू शी आणि त्याचा धाकटा भाऊ सू चे हे सचवान प्रांतांतील मेय-शानचे. दोघेही १०५७ सालीं एकदमच राजधानींतील मोठी परीक्षा उतरले आणि सरकारी चाकरींत शिरले. वांग आन-शी ह्या मंत्र्यानें चालविलेल्या नव्या सुधारणा सू शीला पटल्या नाहींत, म्हणून तो राजधानी सोडून बाहेरगांवच्या नेमणुकांवर गेला, आणि भावाभावांची ताटातूट झाली. १०७६ च्या शरदांतील पौर्णिमेस तो शान-तुंगमधील मी-चौ येथें अधिकारी होता. त्या रात्रीं पहाटेपर्यंत आपण मद्य घेत बसलों, आणि भावाची आठवण येऊन हें लिहिलें, असें तो स्वतःच पदाच्या आरंभीं नमूद करतो. मद्याची गोष्ट आपण दुधावर भागवूं. आठवणीचें तसें नाहीं. पदांत तो आधीं चंद्रावरच रुसतो, मग स्वतःच समजूत घालून घेतो कीं, कला वाढणें आणि घटणें चंद्रालाही चुकलेलें नाहीं, मग माणसांनीं काय रडावें. आणि शेवटीं दूरच्या भावाला आयुष्य चिंतून थांबतो. यक्षानें मेघाला पाठविलें, ह्यानें चंद्राला धरलें. फरक एवढाच कीं हा निरोप पत्नीला नसून भावाला आहे.

आणि तो भाऊही तसाच होता. तीन वर्षांनीं, १०७९ सालीं, कवितांतून राज्यकारभाराची निंदा केल्याच्या आरोपावरून सू शीला पकडून तुरुंगांत टाकलें. त्या वेळीं सू चेनें बादशहाकडे अर्ज केला कीं, माझें अधिकारपद घ्या आणि माझ्या भावाचा अपराध पदरांत घाला. सू शी सुटला. धाकट्याला मात्र खालच्या जागेवर दूर पाठविण्यांत आलें.

आतां, असें अभिजात काव्य बाजारी गाण्यांत कसें आलें, ही शंका मलाही आली. तिचें उत्तर मोठें मार्मिक आहे. सू शीनें हें लिहिलें तें ‘त्स’ नांवाच्या प्रकारांत. ह्या प्रकारांत चाल आधीं ठरलेली, आणि कवीनें तिच्या मापांत शब्द बसवावयाचे. हीं पदें मेजवान्यांतून आणि मद्यगृहांतून गाणाऱ्या बायका गात असत. म्हणजे आज ज्यापुढें पंडित हात जोडतात, तें त्या काळचें लोकप्रिय गाणेंच होतें! पुढें जुन्या चाली बहुतेक लोपल्या आणि शब्द तेवढे पोथींत उरले. १९८३ सालीं तेरेसा तेंगनें अशीं बारा जुनीं पदें नव्या चालींवर गाऊन प्रसिद्ध केलीं. सू शीच्या पदाची चाल ल्यांग हुंग-चिर ह्या तैवानच्या तरुण संगीतकाराची. १९९५ सालीं फेय वाँग ह्या गायिकेनेंही तें गाइलें. आपल्याकडे १८८० सालीं पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं कालिदासाचें शाकुंतल लोकांच्या कानांतल्या चालींवर रंगभूमीवर आणलें, तेव्हां कालिदास बाटला नाहीं. उलट ज्यांना संस्कृतचें अक्षर येत नव्हतें त्यांच्या घरीं तो गेला. पोथीला पुन्हां गळा मिळाला, इतकेंच.

सोवळ्याओवळ्याचा हा झगडा तिकडेही झाला. १९२७ च्या सुमारास शांघायमध्यें ली चिन-ह्वी यांनीं नव्या धर्तीचीं गाणीं रचलीं, तेव्हां विद्वानांनीं त्यांना हीन ठरविलें. १९४९ नंतर तीं मुख्य चीनमध्यें राहूं शकलीं नाहींत. त्यांचा प्रपंच हाँगकाँग आणि तैवान येथें गेला. पुढें तेंगच्या फिती तिकडून चोरवाटेनें येऊं लागल्या. सरकार तिच्या गाण्यांना मन नासविणारे सूर म्हणे, १९८३ सालीं तर अशा ‘प्रदूषणा’विरुद्ध मोहीमच निघाली, आणि लोक एका फितीच्या दहा फिती करीत. चीनचे नेते डेंग श्यावफिंग यांचें आणि तिचें आडनांव एकच, म्हणून दिवसा राज्य थोरल्यांचें आणि रात्रीं धाकटीचें, असा विनोद घरोघर चाले. आपण हंसण्याचें कारण नाहीं. १९५२ सालीं मंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकर यांच्या कारकीर्दींत आपल्या आकाशवाणीनेंही सिनेसंगीत बंद केलें होतें, आणि सारा देश सिलोन रेडिओकडे कान लावून बसला होता. आमचे वडील केसकरांच्या बाजूचे. मीही परवांपर्यंत होतों.

परंतु तिच्या गाण्यांत लोक एवढे विरघळत, ह्याचें खरें कारण निराळेंच आहे. तेंगचा जन्म १९५३ सालीं तैवानांत झाला. तिचे वडील उत्तर चीनचे, राष्ट्रवादी सैन्यांतील शिपाई. १९४९ सालीं त्या पक्षाचा पाडाव झाला आणि असे लाखों शिपाई तैवानांत आले. आईबाप, बायका, भाऊ पलीकडच्या तीरावर राहिले. मधली सामुद्रधुनी कांहीं मोठी रुंद नाहीं. पण पत्र नाहीं, निरोप नाहीं. नातलगांस भेटावयास जाण्याची परवानगी तैवान सरकारनें १९८७ च्या नोव्हेंबरांत दिली. अडतीस वर्षें! गेलेल्यांपैकीं कित्येकांना केवळ थडगीं भेटलीं. ताटातुटीचीं गाणीं त्या लोकांना काय वाटत असतील, तें व्याकरणानें समजावयाचें नाहीं. तेंग स्वतः ८ मे १९९५ रोजीं थायलंडमधील च्यांग माय येथें दम्याच्या विकारानें, बेचाळिसाव्या वर्षीं वारली. मुख्य चीनमध्यें तिचा एकही जलसा कधीं झाला नाहीं.

येथें माझी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. माझा धाकटा भाऊ कोल्हापुरास असतो. साताऱ्याहून तीन तासांचा रस्ता. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशीं कोंकणांतील घर विकावें कीं ठेवावें ह्यावरून आमचा वाद झाला, आणि चार माणसांदेखत मीं त्याला म्हटलें, “ह्या घराशीं तुझा संबंध संपला.” तो कांहीं बोलला नाहीं. पानावरून उठला नाहीं, जेवला, आणि गेला. त्यावर सहा वर्षें आम्ही बोललों नव्हतों. घर अजून तसेंच आहे. वाळवी लागली आहे. आमच्यामध्यें समुद्र नव्हता, सैन्य नव्हतें, कायदा नव्हता. माझ्या तोंडांतलें एक वाक्य होतें.

चिनी लोकांचा चंद्रोत्सव त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेस असतो. ती बहुधा आपल्या भाद्रपदी पौर्णिमेला पडते. परंतु आपल्यासारखा अधिक महिना त्यांच्याकडेही आहे, आणि २०२५ सालीं तो त्यांचा आला होता. आपला अधिक ज्येष्ठ २०२६ चा. त्यामुळें त्यांचा उत्सव महिनाभर पुढें जाऊन ६ ऑक्टोबरला, नेमका आपल्या कोजागिरीस आला. पंचांग आणि नातीची दिनदर्शिका शेजारीं ठेवून मीं हें ताडून पाहिलें, आणि मग पंचांग मिटवेना.

कोजागिरीस आपल्याकडे ज्येष्ठ अपत्याची आश्विनी करतात. आई मला पाटावर बसवून ओवाळी, आणि धाकटा दरवर्षीं रडे कीं, मला कां नाहीं. मग आई त्याला माझ्याच पाटावर, माझ्या मांडीशीं सरकवून बसवी, आणि एकाच निरांजनानें दोघांना ओवाळी. मला मिळालेल्या पेढ्यांतील अर्धा त्याचा, हा नियमच होता. थोरलेपणाचा मान मीं साठ वर्षें घेतला. अर्धा पेढा द्यावयाचा तेवढा विसरलों.

त्या रात्रीं गच्चीवर दूध आटत असतां मीं सौ. ला म्हटलें, “कोल्हापूरचा नंबर लावून दे.” ती कांहीं न विचारतां लावून देती झाली.

“मी बोलतोंय,” मी म्हणालों. “तुझ्याकडे चंद्र दिसतो आहे का?”

पलीकडे बराच वेळ कांहीं नव्हतें. मग तो म्हणाला, “ढग आहेत, दादा. पण असेल तो मागें.”

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या एस्. टी. नें मी कोल्हापुरास गेलों. दिवाळींत तो आमच्याकडे आला. घराचा प्रश्न सुटलेला नाहीं, पण आतां तो आम्हां दोघांचा आहे. त्यानें पेटीवरची धूळ पुसली, नातीकडून ती चाल शिकून घेतली, आणि भाता मीं हलविला.

घरांतल्या मुलांनीं कानाला कांहींतरी अनोळखी लावलें, तर घंटा जोरानें वाजविण्यापूर्वीं एकदां अर्थ विचारावा, एवढेंच माझें वाचकांना सांगणें आहे. तो अर्थ कोणाच्या ओळखीचा निघेल, सांगतां येत नाहीं.